सही कोणाची, हप्ता कोणाचा?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच गुंत्यातली आहेत. शिकायचं कुठे, त्यासाठी किती पैसे घालायचे, शिकणं सोडून धंदा काढायचा का, आणि जमलेली नोकरी सोडून दुसरीकडे वळायचं का. माझी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली. शिक्षणाची कर्जं मंजूर केली, धंद्यांचे प्रस्ताव तपासले आणि पुढे थकलेल्या कर्जांच्या वसुलीच्या फायलीही हाताळल्या. त्यामुळे ‘यातून किती मिळेल’ याआधी मला दुसराच प्रश्न पडतो: नाही मिळालं तर भरणार कोण, आणि किती वर्षं? खालची उत्तरं त्याच नजरेनं दिली आहेत. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न: ताई, माझ्या मुलीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळालाय. एक फार नावाजलेलं आहे, पण चार वर्षांचा खर्च दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त. दुसरं साधं आहे, तिथे तिला निम्मी फी माफ आहे. आम्हा दोघांपैकी कुणीच कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. यजमान म्हणतात, घर गहाण ठेवू, पण मोठ्या कॉलेजातच घालू. ते पाच वर्षांत निवृत्त होतील. मुलगी काहीच बोलत नाही. ‘तुम्ही म्हणाल तिथे जाते’ एवढंच म्हणते. काय करू?
— एक आई

उत्तर: घरापासून सुरुवात करते, कारण त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. घर गहाण ठेवू नका. शिक्षणाचं कर्ज मुलीच्या नावावर निघतं आणि ते फेडायला तिच्यापुढे कमाईची तीसेक वर्षं असतात. घरावर काढलेल्या कर्जाला मात्र तुमच्या यजमानांच्या पगाराची पाचच वर्षं उरली आहेत. हप्ते थकले तर जाईल ते घर, आणि तेही अशा वयात की दुसरं उभं करायला ना पगार असेल ना अंगात जोर. वसुलीच्या कामात मी अशी घरं रिकामी होताना पाहिली आहेत. त्यातल्या एकाही आईवडिलांनी वाईट हेतूनं सही केली नव्हती.

आता शिक्षणकर्जाचा हिशेब. ‘शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही’ हे ऐकलं की माणसं निर्धास्त होतात. हप्ता नसतो, व्याज असतंच. समजा चार वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ असे एकूण १०० उचलले. व्याजदर १० टक्के, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एक वर्षाची सवलत. व्याज दर वर्षी मुदलात मिळवत गेलं तर पहिला हप्ता येईपर्यंत त्या १०० चे १४० झालेले असतात. ते १४० दहा वर्षांत फेडायचे तर एकूण साधारण २२३ भरावे लागतात. तेच, शिकत असताना नुसतं व्याज भरत गेलात तर त्या पाच वर्षांत ३५ जातात आणि पुढच्या दहा वर्षांत १५९. मिळून १९४. काही ठिकाणी या काळात सरळव्याज लावतात, काही ठिकाणी चक्रवाढ; करारात ते कलम शोधून वाचा. यजमानांना मुलीसाठी काही करायचंच आहे ना, मग हे व्याज त्यांनी त्यांच्या पगारातून भरावं. मुलीच्या डोक्यावरचा भार खरोखर हलका होईल आणि घराला हातही लागणार नाही.

हप्ता जड वाटतो म्हणून मुदत वाढवून घेण्याचा मोह होतो, तोही सांगून ठेवते. याच दरानं १०० चं कर्ज १० वर्षांत फेडलं तर १५९ भरता, १५ वर्षांत १९३, २० वर्षांत २३२. हप्ता फार खाली येत नाही, व्याज मात्र फुगत जातं.

किती कर्ज झेपेल याचा माझा ठोकताळा असा: सगळं मिळून घेतलेलं कर्ज मुलीच्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावं. तेवढंच असेल, व्याज साठू दिलं नसेल आणि दहा वर्षांत फेडायचं असेल, तर हप्ता पगाराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका येतो. ते जमतं. कर्ज पगाराच्या दुप्पट झालं आणि व्याजही साठू दिलं, तर हप्त्यातच पगाराचे ४४-४५ टक्के जातात. मग ती पोरगी आवडीची नोकरी निवडू शकत नाही, वाईट नोकरी सोडू शकत नाही, आजारी पडली तर रजा घ्यायलाही घाबरते. अशी मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. हुशार, चांगल्या कॉलेजांची, आणि पंचविसाव्या वर्षी थकलेली.

‘पहिल्या वर्षाचा पगार’ कुठून कळणार? जाहिरातीतल्या ‘सर्वाधिक पॅकेज’वरून नक्कीच नाही. तो एका मुलाचा पगार असतो. दोन्ही कॉलेजांना लेखी विचारा: हिच्या शाखेतल्या मुलांचा मधला पगार किती, म्हणजे सगळ्यांना पगारानुसार रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध येणाऱ्याचा? आणि शाखेतल्या किती मुलांपैकी किती जण या आकड्यात धरले आहेत? ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना वगळून काढलेला आकडा कितीही देखणा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. फी माफीचंही विचारा. ती चारही वर्षं आहे की पहिल्याच वर्षी? अमुक टक्क्यांच्या खाली गेलं की बंद होते का? आणि फी दर वर्षी वाढते का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ‘स्वस्त’ कॉलेज महाग पडू शकतं.

नावाच्या किमतीबद्दल मात्र तुमच्या यजमानांचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ज्या मुलांना एकसारख्याच कॉलेजांनी प्रवेश दिला होता किंवा नाकारला होता, त्यांची त्यांनी तुलना केली. त्यातली काही अधिक निवडक कॉलेजात गेली, काही कमी निवडक. पुढे सरासरी कमाईत फारसा फरक पडला नाही. चमकणारी मुलं कुठेही चमकली. पण याला अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांना निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला. पुढच्या अभ्यासात हाच अपवाद कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही आढळला. कारण समजण्यासारखं आहे. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी आहेत त्यांना कॉलेज नवीन ओळखी देत नाही. तुमच्या मुलीला देईल. म्हणून ‘नावात काय आहे’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या नावासाठी घर द्यायचं नाही, एवढंच सांगते.

मग करायचं काय? मोठ्या कॉलेजाच्या आर्थिक साहाय्य विभागाला पत्र लिहा. घरचं उत्पन्न, निवृत्तीची तारीख, आणि दुसऱ्या कॉलेजानं दिलेल्या फी माफीच्या पत्राची प्रत जोडा. पुनर्विचाराची विनंती करायला लाजू नका. पुष्कळ कॉलेजांत त्यासाठी रीतसर प्रक्रिया असते आणि न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही. फी कमी होऊन कर्ज माझ्या ठोकताळ्यात बसलं तर पाठवा तिला तिकडे, आनंदानं. नाही बसलं तर साध्या कॉलेजात घाला, आणि वाचलेल्या पैशातला काही भाग उन्हाळी प्रशिक्षणासाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी तिच्या नावानं बाजूला ठेवा. मोठं नाव पदव्युत्तर शिक्षणालाही मिळवता येतं.

सहकर्जदार म्हणून तुम्हा दोघांच्या सह्या लागतील. बँकेत काय होतं ते सांगते. कागदांचा गठ्ठा पुढे येतो, फुल्या मारलेल्या असतात, साहेब बोटानं जागा दाखवतात आणि माणूस पटापट सह्या करत सुटतो. मी ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार’ हे कलम आलं की कागद फिरवून आईवडिलांसमोर धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे. त्याचा अर्थ असा की मुलीनं भरलं नाही तर तिच्या वाट्याचंही सगळं तुमच्याकडून घेता येतं. तुमच्या बँकेत कुणी वाचून दाखवलं नाही, तर ‘वाचून दाखवा’ म्हणा. त्यांना वेळ नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

आणि शेवटचं, जे पत्र वाचताना मला सगळ्यात टोचलं. जिच्या नावावर कर्ज निघणार ती गप्प आहे. ती उदासीन आहे असं मला वाटत नाही. बापाचं घर जाणार आणि कारण आपण, हे तिला दिसतंय. वरचे सगळे आकडे तिच्या हातात द्या आणि तिलाच गणित मांडू द्या. अठरा वर्षांची मुलगी मतदान करते, कर्जाच्या करारावर सही करते. तिला हिशेब कळत नाही असं आपण कशाच्या जोरावर ठरवतो?

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि दोन मित्रांनी छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि नोंदी ठेवणारं अ‍ॅप बनवलंय. चार दवाखाने वापरतात, फुकट. आम्ही कॉलेज सोडून पूर्णवेळ यात उतरायचं ठरवलंय. चौथ्या वर्षाची फी घरून मिळालीय, तीच सुरुवातीचं भांडवल म्हणून घालणार आहे. तिघांचा वाटा सारखा. घरी अजून सांगितलेलं नाही. मोठमोठ्या कंपन्या कॉलेज सोडलेल्यांनीच काढल्या ना?
— तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर: अरे, चार दवाखाने तुमचं अ‍ॅप रोज वापरतात ही छोटी गोष्ट नाही. किती तरी कंपन्यांचे प्रस्ताव माझ्या टेबलावर एकही वापरणारा नसताना आले होते. म्हणून तुला गंभीरपणे उत्तर देते.

पहिलं म्हणजे ती फी. ती तुझी नाही. घरच्यांनी ती चौथ्या वर्षासाठी दिली आहे, आणि त्यांना न सांगता ती धंद्यात घातलीस तर ते तुझे गुंतवणूकदार होतील, पण त्यांना त्याचा पत्ता नसेल. आधी सांग. ‘नाही’ म्हणाले तर पैसे त्यांच्याकडे परत जातात. इथे मला दुसरं काही सुचत नाही.

कॉलेज सोडलेल्यांच्या गोष्टीत एक भाग नेहमी गाळला जातो. बिल गेट्स यांनी हार्वर्डमधून रजा घेतली होती, परतीचा रस्ता बंद केलेला नव्हता. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू झाली तेव्हा एमआयटीएस नावाची कंपनी ग्राहक म्हणून समोर उभी होती. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनीही १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या पीएच.डी.मधून रजाच घेतली. मार्क झुकरबर्ग यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये फेसबुक सुरू केलं ते हार्वर्डच्या वसतिगृहातून, आणि वर्ष संपेपर्यंत त्याचे १० लाख वापरकर्ते झाले होते. म्हणजे यांनी उडी घेतली तेव्हा पायाखाली काहीतरी होतं आणि मागं दारही होतं. तुझ्या कॉलेजात एक वर्षाचा खंड घेऊन परत येता येतं का, हे उद्याच कार्यालयात विचार. लेखी नियम घे. नुसतं ‘येता येईल रे’ पुरेसं नाही.

आणि तरुण वयाचं फार मनावर घेऊ नकोस. पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सर्वात वेगानं वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. आणि ज्यांनी त्याच क्षेत्रात आधी काम केलं होतं त्यांना यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. वर्षभर थांबलास तर गाडी चुकली असं होणार नाही. उलट एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर महिनाभर बसलास तर अ‍ॅपमध्ये काय कमी आहे ते कळेल.

जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा २०१४ चा अभ्यासही इथे कामाचा आहे. अमेरिकेतल्या ज्यांनी नोकरी न सोडता धंदा सुरू केला आणि जम बसल्यावर नोकरी सोडली, त्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. हातात दुसरा आधार असलेला माणूस घाईनं वाईट निर्णय घेत नाही, हे मी कर्जदारांमध्येही पाहिलं. तुझ्या बाबतीत तो आधार म्हणजे चौथं वर्ष. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या तुमच्या हातात आहेतच.

माझा सल्ला असा: चारही दवाखान्यांना सांग की पुढच्या महिन्यापासून वापराचे पैसे लागतील. अगदी थोडे लाव, पण लाव. चारपैकी किती टिकून राहतात ते बघ. फुकट वापरणारा माणूस स्तुती करतो, पैसे मोजणारा खरं बोलतो. दोघे टिकले तर आठ करायचा प्रयत्न कर. कुणीच टिकलं नाही तर फी वाचली आणि वर्षही वाचलं.

रुग्णांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत हेही लक्षात ठेव. ती माहिती फुटली तर डॉक्टर आधी तुमच्याकडे बोट दाखवतील. तिघांपैकी कुणी एकानं ती कुठे साठवली जाते, कोण बघू शकतं, रुग्णाची संमती कशी घेतली जाते, हे आजच कागदावर उतरवा आणि एखाद्या जाणकार वकिलाला दाखवा.

आता ‘तिघांचा वाटा सारखा’. मैत्रीत हे बोलायला अवघड जातं, म्हणून मी बोलते. समजा आठ महिन्यांनी तिघांतल्या एकाला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. तुम्ही दोघं पुढची सहा वर्षं राबलात, तरी कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्याच नावावर राहील, आणि अशा कंपनीत पैसे घालायला सहसा कुणी तयार होत नाही. यावर जगभर रूढ असलेला उपाय आहे: वाटा एकदम मिळत नाही, चार वर्षांत हळूहळू पक्का होत जातो. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी गेला त्याला काहीच नाही. वर्ष पूर्ण झालं की चौथा हिस्सा पक्का, पुढे दर महिन्याला थोडा थोडा. हे तिघांनाही लागू, तुलासुद्धा. सगळे खुशीत असतानाच हा करार करायचा असतो, कारण भांडण झाल्यावर तो होत नाही.

आणखी एक आकडा तिघांनी मिळून लिहून ठेवा. किती पैसे आणि किती महिने गेले की थांबायचं? सरस सरस्वती या संशोधिकेनं २००१ मध्ये अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडला: फायदा किती होईल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते किती गमावणं परवडेल हे आधी ठरवतात. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं हेच दिसतं की नव्या धंद्यांपैकी साधारण पाचातला एक पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांत निम्मे. तुम्ही त्यात याल असं मी म्हणत नाही. आलात तर तिघांपैकी कुणाच्याही घरावर कर्ज नसावं, एवढं बघ. कंपनीसाठी कर्ज घेताना ‘वैयक्तिक हमी’चा कागद पुढे आला तर सही करू नका. त्या एका सहीनं कंपनी आणि तुम्ही यांच्यातली भिंत पडते.

घरी मात्र याच आठवड्यात सांग. वरचा सगळा आराखडा घेऊन जा, नुसतं स्वप्न घेऊन जाऊ नकोस.

प्रश्न: माझं वय ३९. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, त्याच्याबरोबर वेळ घालवता घालवता विशेष मुलांची शिक्षिका व्हावं असं मनात पक्कं होत गेलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागेल आणि नंतर पगार आताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असेल. नवरा ‘बघू’ म्हणतो. सासरे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, पंधरा वर्षं मातीत घालशील.
— ३९ वर्षांची वाचक

उत्तर: सासऱ्यांची काळजी खरी आहे, पण हिशेब उलटा आहे. पंधरा वर्षं गेली ती गेलीच. तुम्ही नोकरीत राहिलात म्हणून ती परत मिळणार नाहीत. १९८५ मध्ये हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी, कुठलाही निकष न लावता, सवलत दिली. ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते ते हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना आले. नाटकं तीच होती. खर्च झालेला पैसा त्यांना ओढत होता. तुमची पंधरा वर्षं तशीच ओढताहेत. प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे.

त्या पुढच्या वीस वर्षांचं सोंग मात्र आधी आणून बघा. पुढच्या महिन्यापासून घर अशा तऱ्हेनं चालवा की तुमच्या पगाराचा तिसरा हिस्साच येतो. उरलेले दोन हिस्से पगार जमा होईल त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. सहा महिने. यात दोन गोष्टी होतात. अभ्यासक्रमाची फी आणि त्या दोन वर्षांच्या खर्चातला काही भाग जमतो. आणि ‘बघू’ म्हणणाऱ्या नवऱ्यालाही प्रत्यक्ष कळतं की कशाला कात्री लागते. कदाचित तिसऱ्या महिन्यात तुम्हालाच वाटेल की नाही झेपत. तेही नोकरी हातात असताना कळलेलं बरं.

दुसरं काम: रजा काढून एखाद्या विशेष शाळेत सलग दोन आठवडे बसा. एक दिवस नको. एका दिवशी सगळं हृद्य वाटतं. एक मूल डोकं आपटून घेत असताना बाकीच्या मुलांकडे कोण बघतं, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा आणि नोंदी लिहायला किती वेळ जातो, पालक रागावून येतात तेव्हा काय बोलायचं, हे सगळं बघा. भाच्यावर तुमचं प्रेम आहे. हे काम अशा मुलांबरोबर करायचंय ज्यांच्यावर सुरुवातीला तुमचं प्रेम नसेल. पाच-दहा वर्षं हे काम करणाऱ्या निदान तिघींशी बोला, आणि जिनं हे काम सोडलं तिला शोधून काढून तिच्याशीही बोला.

अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे ना, याची खात्री त्या संस्थेकडून करू नका. मान्यता देणाऱ्या नियामक संस्थेकडे जाऊन करा. नोकरीसोबत आरोग्य विमा असेल तर तो नोकरीसोबत जातो. वेगळी पॉलिसी राजीनाम्याच्या आधी काढा, कारण आधीच्या आजारांचा खर्च मिळायला जेवढा काळ थांबावं लागतं, तो पॉलिसी काढल्याच्या दिवसापासून मोजायला लागतो. घराचं किंवा गाडीचं कर्ज चालू असेल तर त्याचा हप्ता नव्या पगारात बसतो का, हे बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

आणि हे सगळं जमत असेल तर करा. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञानं एक वेगळाच प्रयोग केला होता, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर अडकलेल्या लोकांनी इंटरनेटवर नाणं उडवायचं, छापा पडला तर बदल करायचा. २० हजारांहून जास्त वेळा नाणं उडवलं गेलं. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या निर्णयात ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी निघाले. ही माणसं आपणहून आलेली होती, आधीच बदलाकडे झुकलेली होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण तुम्हीही तशाच आहात ना? उगाच नाही तुम्ही मला चार पानी पत्र लिहिलंत.

प्रश्न: मेहुणा धंदा काढतोय. कर्जाला जामीन राहा म्हणतो. ‘फक्त सही हवी, पैसे तर मीच भरणार आहे’ म्हणतो. बायकोचा आग्रह आहे. नाही कसं म्हणू?
— अडचणीत सापडलेला

उत्तर: तुमच्या सहीची किंमत शून्य असती तर बँकेनं ती मागितलीच नसती. मेहुणा एकटा फेडेल असा बँकेला भरवसा नाही, म्हणून तुम्ही हवे आहात. बऱ्याच करारांत कर्जदाराकडे वसुली पूर्ण करण्याआधीच जामीनदाराला गाठण्याची मुभा असते. आणि उद्या तुम्ही स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलात तर हे कर्ज तुमच्याही नावासमोर दिसू शकतं.

घरात शांतता राखायची एक वाट आहे. बायकोबरोबर बसा आणि असा आकडा ठरवा जो परत आला नाही तरी तुमचा संसार हलणार नाही आणि मेहुण्याचं तोंड बघताना मनात कडवटपणा येणार नाही. तेवढे पैसे त्याला रोख द्या आणि जामिनाला नाही म्हणा. अगदीच सुटका नसेल तर ठराविक रकमेपुरती आणि ठराविक मुदतीपुरती मर्यादित हमी द्यायला बँक तयार आहे का, ते विचारा. अमर्याद हमीवर सही करू नका, कुणासाठीही.

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. तीन वर्षं चालवलेला स्टार्टअप दोन महिन्यांपूर्वी बंद केला. दोन कर्मचाऱ्यांचा शेवटचा पगार द्यायचा राहिलाय. आता नोकरी शोधतेय, पण बायोडेटात ती तीन वर्षं काय म्हणून दाखवू? मुलाखतीत लाज वाटते.
— बंद पडलेल्या कंपनीची संस्थापक

उत्तर: बायोडेटाच्या आधी ते दोन पगार. आज दोघांना फोन कर, रक्कम सांग, तारीख सांग. एकदम देता येत नसतील तर हप्ते ठरव आणि ते ईमेलवर लिहून दे. त्यांच्याही घरी हप्ते असतील. नव्या नोकरीचा पहिला पगार आला की सर्वात आधी त्यांचे पैसे गेले पाहिजेत.

दुसरं, कंपनी ‘बंद केली’ म्हणजे नेमकं काय केलंस? कामकाज थांबवणं आणि कंपनी कागदोपत्री बंद करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी जिवंत असेल तर वार्षिक विवरणपत्रं भरावी लागतात, आणि न भरलेल्यांचा दंड संचालकाच्या नावावर साचत जातो. हिशेबनीसाला गाठ, कर आणि देणी मिटव, नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दे, बँक खातं देणी मिटल्यावरच बंद कर.

बायोडेटात ती तीन वर्षं लपवू नकोस. एखादी नोकरी लिहितेस तसंच लिही: संस्थापक, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, काय बनवलं, किती ग्राहक होते, किती माणसं हाताखाली होती, कुठलं काम स्वतः केलंस. ज्या पदासाठी अर्ज करतेस त्याला लागणारं काम वर घे. विक्रीच्या नोकरीला पहिला ग्राहक कसा मिळवला ते सांग, हिशेबाच्या नोकरीला शेवटचे सहा महिने रोकड कशी पुरवली ते सांग.

‘का बंद पडली’ हे विचारणारच. दोन-तीन वाक्यांत, कुणावरही खापर न फोडता, खरं कारण सांग आणि थांब. मग विचारतील, ‘पुन्हा धंदा काढायला सोडून तर जाणार नाही ना?’ हा खरा त्यांच्या मनातला प्रश्न असतो. याचं उत्तर घरून तयार करून जा, आणि निदान दोन वर्षं तरी राहण्याचा विचार असेल तरच तसं म्हण. तोपर्यंत पगार चुकते झाले असतील, तर ‘कर्मचाऱ्यांचं काय झालं’ या प्रश्नाला मान वर करून उत्तर देता येईल.